नळाच्या वेळापत्रकाचा फोटो किती दिवस फिरवणार? मोबाइलवरच लिहा गावाचं वेब पान

ग्रुपवर फोटो येतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेल्या कागदाचा, थोडा तिरका, वरच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. कोणत्या आळीला कोणत्या वारी पाणी सुटणार ते त्यात लिहिलेलं असतं. चार जणांनी पुढे पाठवला की अक्षरं पुसट होतात. दोन महिन्यांनी वेळापत्रक बदलतं, नवा फोटो येतो, पण जुनाही फिरतच राहतो. कोणता खरा ते कळत नाही, कारण तारीख कागदाच्या खालच्या कडेला होती आणि फोटोत ती कापली गेली. मग सकाळी सहाला रिकाम्या हंड्यांची रांग लागते आणि पाणी दुसऱ्याच आळीला सुटलेलं असतं.

हीच माहिती एका वेब पानावर असती तर? पत्ता एकच, बदल झाला की त्याच पानावर बदलायचा. ज्याने महिन्यापूर्वी लिंक जपून ठेवली त्यालाही आजचंच वेळापत्रक दिसणार. असं पान करायला कॉम्प्युटर लागतो, क्लास लावावा लागतो, वेबसाइटवाल्याला पाच-दहा हजार मोजावे लागतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. एवढ्या कामासाठी यातलं काहीच लागत नाही. हातातला फोन आणि एक संध्याकाळ पुरते. शिकायची गोष्ट एकच, तिचं नाव एचटीएमएल.

एचटीएमएल ही प्रोग्रामिंगची भाषा नाही. त्यात गणित नाही, 'असं झालं तर तसं कर' हा प्रकार नाही. ती नुसती खुणा करायची पद्धत आहे. पूर्वी आपण पत्र लिहायचो तेव्हा वर उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, मग मायना, मग मजकूर, शेवटी 'आपला' लिहून सही. वाचणाऱ्याला जागेवरूनच कळायचं की हा मायना आणि ही सही. ब्राउझरला, म्हणजे फोनमधल्या क्रोमसारख्या अ‍ॅपला, तसं आपोआप कळत नाही. त्याला प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर खूण करून सांगावं लागतं: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, ही लिंक. या खुणेला टॅग म्हणतात.

हा खटाटोप सुरू झाला तो अशाच अडचणीतून. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी संशोधन संस्था आहे. तिथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ, प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, एकाची कागदपत्रं दुसऱ्याच्या यंत्रावर धड उघडत नसत. तिथल्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये यावर उपाय सुचवला आणि पुढच्या दोन वर्षांत वेब उभं केलं. १९९१ मध्ये त्यांनी टॅगची जी पहिली यादी दिली तिच्यात अठराच्या आसपासच टॅग होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सगळं तंत्र जगाला फुकट वापरायला मोकळं केलं. म्हणून आज तुम्हाला एचटीएमएल लिहायला कुणाची परवानगी लागत नाही की लायसन्स लागत नाही. त्या वेळचं पहिलं पान सर्नने पुन्हा मूळ पत्त्यावर ठेवलं आहे आणि ते आजच्या फोनवरही उघडतं. तीस वर्षांपूर्वीची कॅसेट वाजवायला आज टेपरेकॉर्डर शोधावा लागतो, पण ते पान अजून चालतंय.

पहिलं पान

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर पुढे घोळ होईल. इथे टॅगची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. तुम्ही टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत करायची आहेत. मराठी फक्त मजकुरात. टॅगच्या नावातला आकडासुद्धा इंग्रजी हवा. चुकून टॅगच मराठीत लिहिला तर गंमत होते: सुरुवातीचा टॅग ब्राउझर साधा मजकूर समजून जसाच्या तसा पानावर छापतो, आणि शेवटचा टॅग मात्र गायब करतो.

टॅग दोन कोनाच्या कंसांत असतो. हे कंस फोनच्या कीबोर्डवर पटकन सापडत नाहीत. गुगलच्या कीबोर्डवर आधी आकड्यांचं बटण दाबा, मग चिन्हांचं दुसरं पान उघडा, तिथे खालच्या ओळीत ते आहेत. बहुतेक टॅग जोडीने येतात, एक उघडणारा आणि एक बंद करणारा. बंद करणाऱ्यात नावाआधी तिरकी रेघ असते. आता हे बघा:

<!डॉकटाइप एचटीएमएल>
<एचटीएमएल लँग="एमआर">
<हेड>
<मेटा कॅरसेट="यूटीएफ-८">
<मेटा नेम="व्ह्यूपोर्ट" कंटेंट="विड्थ=डिव्हाइस-विड्थ">
<टायटल>नळाच्या पाण्याचं वेळापत्रक</टायटल>
</हेड>
<बॉडी>
<एच१>नळाच्या पाण्याचं वेळापत्रक</एच१>
<पी>हे वेळापत्रक सोमवारपासून लागू आहे.</पी>
</बॉडी>
</एचटीएमएल>

झालं, एवढंच. हे पूर्ण वेब पान आहे.

स्पेलिंग सांगतो, कारण एक अक्षर चुकलं तरी अडतं. डॉकटाइप: डी, ओ, सी, टी, वाय, पी, ई. लँग: एल, ए, एन, जी. मेटा: एम, ई, टी, ए. कॅरसेट: सी, एच, ए, आर, एस, ई, टी. नेम: एन, ए, एम, ई. व्ह्यूपोर्ट: व्ही, आय, ई, डब्ल्यू, पी, ओ, आर, टी. कंटेंट: सी, ओ, एन, टी, ई, एन, टी. विड्थ: डब्ल्यू, आय, डी, टी, एच. डिव्हाइस: डी, ई, व्ही, आय, सी, ई. टायटल: टी, आय, टी, एल, ई. बॉडी: बी, ओ, डी, वाय. हेड म्हणजे डोकं, तेच स्पेलिंग. 'एमआर' म्हणजे एम आणि आर ही दोन अक्षरं, आणि 'पी' हे एकच अक्षर.

पहिली ओळ ब्राउझरला सांगते की हे पान आजच्या नियमाने वाच. ती नसेल तर तो जुन्या काळच्या पद्धतीने पान मांडायला बघतो. हेडमध्ये पानाविषयीची माहिती असते. ती पानावर दिसत नाही, फक्त टायटल तेवढं ब्राउझरच्या टॅबवर आणि गुगलच्या निकालात दिसतं. लोकांना दिसणारं सगळं बॉडीमध्ये. एच१ म्हणजे सगळ्यात मोठं शीर्षक. त्याखाली उपशीर्षक हवं तर एच२, असं एच६ पर्यंत जाता येतं. गावाच्या कामाला एच३ च्या पुढे जायची वेळ येत नाही.

व्ह्यूपोर्टची ओळ विसरू नका. ती नसली की फोन समजतो हे पान मोठ्या कॉम्प्युटरसाठी आहे, आणि सगळं मुंगीएवढं करून दाखवतो. मग माणूस दोन बोटांनी ताणत बसतो. बऱ्याच जुन्या सरकारी पानांवर हा अनुभव तुम्ही घेतला असेल.

फाइल बनवायला फोनवर साधं टेक्स्ट लिहिणारं किंवा कोड लिहायचं कोणतंही मोफत अ‍ॅप घ्या. नोट्सच्या अ‍ॅपमध्ये लिहू नका, त्यातून हवी तशी फाइल बाहेर काढता येत नाही. सेव्ह करताना नाव 'इंडेक्स', मग टिंब, मग 'एचटीएमएल', सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि मध्ये स्पेस न देता. काही अ‍ॅप शेवटी गुपचूप 'टीएक्सटी' चिकटवतात. तसं झालं असेल तर फाइलचं नाव बदलून ती शेपटी काढा. आता फोनच्या फाइल्समध्ये जाऊन ती उघडा आणि कशात उघडू असं विचारलं तर क्रोम निवडा. तुमचं शीर्षक मोठ्या ठळक अक्षरांत दिसेल. पहिल्यांदा दिसतं तेव्हा बरं वाटतं, हे आपलं मी माझ्यावरून सांगतो.

मराठी चौकोन का होते

आता 'यूटीएफ-८' वाल्या ओळीवर थोडं थांबू. इंग्रजी पुस्तकांत ही ओळ घाईघाईत उरकतात, पण मराठी लिहिणाऱ्याचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे जगभर एकच ठरावं म्हणून युनिकोड आलं. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा गट दिलेला आहे. हे आकडे फाइलमध्ये साठवायची रीत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या 'क'ला तीन. काना, मात्रा, वेलांटी यांचेही प्रत्येकी तीन. ब्राउझरला रीत सांगितली नाही तर तो कधीकधी चुकीचा अंदाज बांधतो, तिन्ही बाइट सुटे वाचतो, आणि एका 'क'च्या जागी तीन परकी चिन्हं येतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' पानभर पुन्हापुन्हा दिसला की ओळखा, कॅरसेटची ओळ राहिली आहे किंवा चुकली आहे. ती हेडमध्ये अगदी वर हवी, कारण ब्राउझर तिला फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटमध्येच शोधतो.

दुसरा घोळ याहून मोठा आणि खास आपल्याकडचा. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून मजकूर आणला आणि पानात चिकटवला, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम दिसतात. इथे कॅरसेट बरोबर असून उपयोग नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतींत आणि त्या काळच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी मुखवटा. तो फॉन्ट ज्या यंत्रावर आहे तिथे मराठी दिसतं, दुसरीकडे मुखवटा गळून पडतो. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायला ते चालतं, कारण कागदावर शाई उमटली की काम संपलं. वेब पानाला चालत नाही. गुगलला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, किंवा सरळ फोनवर पुन्हा टाइप करा. फोनचा मराठी कीबोर्ड मुळातच युनिकोडमध्ये लिहितो. व्हॉइस टायपिंगने बोलून लिहिलेलंही युनिकोडच. डीटीपीच्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा या एका बाबतीत तुमचा फोन सरस आहे.

लँगमध्ये 'एमआर' लिहायचं कारणही ऐका. हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्या देवनागरीतच. ब्राउझरला भाषा सांगितली की पान मोठ्याने वाचणाऱ्या अ‍ॅपला मराठी आवाज निवडता येतो. शिवाय काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळणाचे आकार वेगळे ठेवलेले असतात, ते भाषा मराठी म्हणून सांगितली तरच येतात. शाळेत गिरवलेला 'ल' आणि हिंदी वर्तमानपत्रातला 'ल' आठवून बघा.

वेळापत्रकाचा तक्ता

सातबारा वाचता येतो तो रकान्यांमुळे. वर रकान्याचं नाव नसेल तर खालचे आकडे नुसते आकडे. तक्त्याचं एचटीएमएल असंच चालतं. 'टेबल'च्या आत एकेक आडवी ओळ, तिचा टॅग 'टीआर'. ओळीच्या आत घरं. रकान्याचं नाव असलेलं घर 'टीएच', साधं घर 'टीडी'.

<टेबल बॉर्डर="१">
<टीआर><टीएच>भाग</टीएच><टीएच>वार</टीएच><टीएच>वेळ</टीएच></टीआर>
<टीआर><टीडी>वरची आळी</टीडी><टीडी>सोमवार, गुरुवार</टीडी><टीडी>सकाळी ६ ते ७</टीडी></टीआर>
<टीआर><टीडी>शाळेमागची वस्ती</टीडी><टीडी>मंगळवार, शुक्रवार</टीडी><टीडी>सकाळी ६ ते ७</टीडी></टीआर>
</टेबल>

हे सगळं बॉडीमध्ये, 'पी'च्या ओळीखाली जाईल. बॉर्डर लिहिलं नाही तर तक्त्याला रेघा येत नाहीत, घरं मोकळ्यावर उभी राहतात. खरं सांगायचं तर आजच्या नियमाने रेघा, रंग, अक्षराचा आकार हे सगळं सीएसएस नावाच्या वेगळ्या पद्धतीने सांगायचं असतं. पण ही जुनी खूण ब्राउझर अजून मानतात आणि पहिल्या दिवशी तेवढं पुरे.

'टीएच' न लिहिता रकान्याची नावं नुसती ठळक केली तरी डोळ्यांना तेच दिसेल, मग हा खटाटोप कशाला? गावात ज्यांना दिसत नाही त्यांचा विचार करा. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय आहे, ती पडद्यावरचं वाचून दाखवते. एचटीएमएलमध्ये शीर्षक शीर्षक म्हणून लिहिलेलं असेल तर तिला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. तक्त्याचे रकाने खरे रकाने असतील तर कोणतं घर कशाचं ते सांगता येतं. फोटोतल्या वेळापत्रकातली अक्षरं म्हणजे नुसते रंगीत ठिपके असतात. एखादं अ‍ॅप त्यातून अंदाजाने शब्द काढतंही, पण तिरक्या, पुसट फोटोतून 'सोमवार' निघेल की आणखी काही, याचा भरवसा कोण देणार? ज्यांना बारीक दिसतं त्यांनाही वेब पानाची अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात. फोटो मोठा केला की फक्त पुसटपणा मोठा होतो.

आणि रेंज. आपलं हे पूर्ण पान दोन-तीन केबीचं आहे. फोनने काढलेला एक फोटो सहज दोन-तीन एमबीचा असतो, म्हणजे हजार पट. टेकडीवर जाऊन एक दांडी रेंज मिळते तिथेही हे पान उघडेल.

फोन करायची लिंक

मला विचाराल तर गावाच्या पानावर सगळ्यात कामाचा टॅग 'ए' आहे. इंग्रजी पहिलं अक्षर, एकटंच. लिंक त्यानेच होते. पत्ता सांगायला 'एचरेफ' लिहितात: एच, आर, ई, एफ.

<ए एचरेफ="टेल:+९१ आणि पुढे दहा आकडे">पाणी सोडणाऱ्यांना फोन करा</ए>

'टेल' म्हणजे टी, ई, एल, मग दोन टिंबं, मग नंबर, सगळे आकडे इंग्रजी आणि मध्ये स्पेस नको. त्यावर बोट ठेवलं की नंबर थेट डायलवर येतो, कागद-पेन शोधायला नको. बचत गटाच्या पापड-मसाल्याच्या दरपत्रकाला, रोपवाटिकेला, ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्याला ही एक ओळ पुरेशी आहे. पण ज्याचा नंबर त्याला विचारूनच टाका. ग्रुपवर नंबर देणं वेगळं, साऱ्या जगासमोर मांडणं वेगळं. आधार क्रमांक, लाभार्थ्यांची यादी, खाते क्रमांक असलं काही चुकूनही वेब पानावर टाकू नका.

फोटो टाकायचा तर टॅग 'आयएमजी', तो एकटा असतो, बंद करावा लागत नाही. त्याला 'एसआरसी'मध्ये फोटोच्या फाइलचं नाव आणि 'एएलटी'मध्ये फोटोत काय आहे ते शब्दांत द्यायचं. फोटो उतरला नाही तर ते शब्द दिसतात, न दिसणाऱ्याला ते ऐकू येतात. नुसतं 'फोटो' असं लिहू नका, 'पाण्याच्या टाकीजवळचा मुख्य व्हॉल्व्ह' असं लिहा. फोनवर फाइल उघडून बघताना शेजारचा फोटो बऱ्याचदा दिसतच नाही. घाबरू नका, फोन ब्राउझरला ती एकच फाइल देतो, शेजारच्या देत नाही. पान इंटरनेटवर चढवलं की दिसेल. तेव्हाही नाही दिसला तर नावातलं मोठं-छोटं अक्षर तपासा. सर्व्हरला 'जेपीजी' मोठ्या अक्षरांतलं आणि छोट्या अक्षरांतलं ही दोन वेगळी नावं वाटतात.

जिथे हमखास अडतं

एंटर दाबून ओळ खाली नेली तरी पानावर ती खाली जात नाही, याने प्रत्येक जण पहिल्या दिवशी चक्रावतो. एचटीएमएलला एंटर आणि दहा स्पेस यांची किंमत एकाच स्पेसएवढी. नवा परिच्छेद हवा तर नवा 'पी', नुसती ओळ तोडायची तर 'बीआर'.

टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर ओरडत नाही, तो आपल्या मनाने अंदाज लावतो. चार ओळींपैकी एक ठळक करायला 'बी' उघडला आणि बंद केला नाही, की खालचं सगळं पान ठळक. पोत्याचं तोंड शिवायचं राहिलं की धान्य वाटभर सांडतं, तसं. म्हणून चूक जिथे दिसते तिथे न शोधता तिच्या वरच्या ओळीपासून शोधायला लागा. आणि बंद करताना क्रम उलटा: जो टॅग शेवटी उघडला तो आधी बंद.

अवतरणचिन्हांची भानगड फार छळते. कोडमधली चिन्हं सरळ उभी हवीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कोड उचलला तर कधीकधी ती वाकडी, शोभेची येतात. दिसायला जवळजवळ सारखीच, पण लिंक चालत नाही. मी स्वतः एकदा यात अख्खी दुपार घालवली आहे, शेवटी चिन्ह खोडून पुन्हा टाइप केलं आणि झालं. कीबोर्डची ऑटोकरेक्टची सोय कोड लिहिताना बंदच ठेवा.

पळणारी ओळ टाकायचा मोह होईल. तो टॅग आता नियमातून काढून टाकलेला आहे, ब्राउझर अजून चालवतात इतकंच. पाण्याची वेळ वाचायला म्हाताऱ्या माणसाने ओळीमागे पळायचं का?

दुसऱ्यांची पानं कशी लिहिली आहेत ते बघूनही खूप शिकता येतं. क्रोममध्ये पानाच्या पत्त्याच्या आधी इंग्रजीत 'व्ह्यू-सोर्स' आणि दोन टिंबं लिहा, त्या पानाचं एचटीएमएल समोर येतं. मोठ्या साइटचं बघून डोळे फिरतील, साधं पान निवडा. आता एआयला सांगितलं तर तोही पान लिहून देतो, त्यात काही वाईट नाही. फक्त त्याने वार उलटेपालटे केले किंवा नसलेला नंबर घातला तर ते कोडमध्ये शोधून दुरुस्त करता यायला हवं, आणि त्यासाठी वर सांगितलेलं एवढं पुरतं.

पान लोकांपर्यंत कसं जाणार

फोनमधली फाइल फक्त तुमच्या फोनमध्ये आहे. ती सगळ्यांना दिसायची तर इंटरनेटला सतत जोडलेल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी लागते. साध्या पानांसाठी हे फुकट मिळतं. गिटहब पेजेस ही त्यातली जुनी, भरवशाची सोय. खातं काढायचं, इंडेक्स नावाची ती फाइल चढवायची, सेटिंगमध्ये पेजेस चालू करायचं, मग तुम्हाला एक पत्ता मिळतो. पत्ता लांबलचक असतो, पण ग्रुपवर लिंक पाठवायला काय फरक पडतो? गावाच्या नावाचा स्वतःचा पत्ता हवा असेल तर तो दरवर्षी पैसे भरून घ्यावा लागतो.

इथे एक जपा. एका ओळखीच्या बचत गटाने पैसे देऊन वेबसाइट करून घेतली होती. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिलं, करून देणारा फोन उचलेना, साइट गेली. गटाकडे एकही फाइल नव्हती. पासवर्डही त्याच्याकडेच. तुम्ही स्वतः पान लिहिलंत तर फाइल तुमच्याकडे राहते. कुणाकडून करून घेतलंत तरी फाइल, खातं आणि पासवर्ड आपल्या नावाने पहिल्या दिवशीच मागून घ्या, आणि गटातल्या किमान दोघींना ते माहीत असू द्या.

ग्रामपंचायतीची माहिती टाकणार असाल तर ग्रामसेवकांना आणि पाणी सोडणाऱ्याला आधी दाखवा. पान ग्रामपंचायतीचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा: 'हे पान गावातल्या तरुणांनी केलं आहे, शंका असल्यास कार्यालयात विचारा.' आणि तारीख खालच्या कडेला न टाकता शीर्षकाच्या लगेच खाली, पूर्ण, वर्षासकट लिहा. 'सोमवारपासून' एवढंच लिहिलं तर तो कोणता सोमवार हे पुढच्या महिन्यात कुणाला कळणार? वरच्या नमुन्यात मी मुद्दाम तसंच लिहून ठेवलंय, ती ओळ तुम्ही दुरुस्त करा.

पान चढवलं की आधी ग्रुपवर टाकू नका. घरातला सगळ्यात जुना, काच फुटलेला फोन घ्या, वाय-फाय बंद करा आणि त्यावर उघडून बघा. मग लिंक शेजारच्या काकूंना पाठवा आणि काहीही न सांगता विचारा, 'काकू, आपल्याकडे पाणी कधी?' त्यांनी पान उघडून वार आणि वेळ बरोबर सांगितली, तर ग्रुपवर टाकायला हरकत नाही.